मागं न बघणारे मामेसासरे

माझ्या बायकोच्या मामांनी गेल्या चाळीस वर्षांत एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही. सत्काराच्या भाषणात म्हणतात त्या अर्थानं मी हे म्हणत नाही. खरोखरच, खांद्यावर असते ती मान घेऊन, त्या गृहस्थांनी मागे पाहिलेलं नाही. मानेत काही दोष नाही. उसाच्या मोळ्या वाहिलेली मान आहे, चांगली मजबूत आहे, डावीकडे वळते, उजवीकडे वळते, फक्त खांद्याच्या पलीकडे जात नाही. त्यांच्या गावात, न्हावऱ्यात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मामांना पाठीमागून हाक मारली तर ते जागेवर थांबतात आणि हाक मारणाऱ्यानं वळसा घालून पुढ्यात यावं म्हणून वाट बघतात. गावचे सरपंचसुद्धा असा वळसा घालून येतात. एकदा मी नवा जावई असताना पाठीमागूनच बोलत राहिलो, तर मामा समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघून मला उत्तरं देत होते आणि समोरून येणाऱ्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही.

मोटरसायकल घेतली त्याच दिवशी त्यांनी तिचे दोन्ही आरसे काढून शोरूमवाल्याच्या हातात ठेवले. त्यानं विचारलं, मागची गाडी कशी दिसणार? मामा म्हणाले, मागच्यानं मला बघावं, मी त्याच्या पुढं हाय. ट्रॅक्टर तर ते कधी मागेच घेत नाहीत. चुकून कुणाच्या बांधावरच्या अरुंद वाटेत शिरले तर तसेच पुढं जातात, दोन शेतं, एक ओढा आणि शाळेचं मैदान ओलांडून निघाल्या जागी येतात, पण रिव्हर्स गिअर टाकत नाहीत. तो गिअर अजून कंपनीतून आला तसा कोरा आहे असं ते अभिमानानं सांगतात. आमच्या दौंडच्या घरून परत जाताना एकदा त्यांचा चष्मा टीव्हीवर राहिला. ही फाटकापर्यंत धावत गेली, ओरडली, पण मामांनी गाडी सुरू केली होती. हात हलवून म्हणाले, ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपेला. पुढची खेप दीड महिन्यानं झाली. तोवर गृहस्थ आमच्या कैलासवासी मामींचा जुना, सोनेरी काडीचा चष्मा लावून पेपर वाचत होते, आणि तो त्यांना नाकावर बसत नव्हता म्हणून दोऱ्यानं डोक्याला बांधला होता.

हे सगळं आलं कुठून, तर घोडीवरून. आमच्या या भागात बैलगाड्यांच्या शर्यती होतात त्यांत गाड्यापुढं एक घोडी पळते. चार बैल तिच्या मागं उधळतात आणि घाट, म्हणजे ती चढाची धावपट्टी, काही सेकंदांत पार होते. घोडीवरच्या माणसानं बैलांच्या फार पुढंही जायचं नसतं, नाहीतर बैल थंडावतात. आणि मागंही राहायचं नसतं, नाहीतर पुढचं काही उरत नाही. आणि हे सगळं पाठीमागे न बघता. बघितलं की तोल जातो, घोडी कचरते, आणि मागून चार बैल आणि एक गाडा येत असतो. मामा सतराव्या वर्षी या घोडीवर बसले आणि गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत उतरले नाहीत. घाटातून घरी आल्यावर बाकीची माणसं ती सवय चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत असतील. मामा ती घरात घेऊन आले, जेवायला घेऊन बसले आणि म्हातारपणापर्यंत घेऊन आले.

पण मागचं त्यांना कळत नाही असं मात्र समजू नका. कळतं, आणि आपल्यापेक्षा जास्त कळतं. चाळीस वर्षं त्यांनी मागचं कानांनी बघितलं. रस्त्यानं चालताना मागून मोटरसायकल आली तर कुणाची, किती दिवस सर्व्हिसिंग झालेलं नाही आणि मागे बायको बसली आहे की पेंडीचं पोतं, हे ते सांगतात. मी एकदा त्यांच्या मागून बांधावरून चालत होतो. बायकोला दिलेला शब्द मोडून हळूच खिशातली पुडी काढत होतो. मामा पुढं बघत म्हणाले, "जावईबापू, आता डाव्या खिशात ठेवता व्हय? पहिल्यांदा उजव्यात असायची." त्या दिवसापासून मी तंबाखू सोडली. निदान न्हावऱ्यात तरी सोडली.

आता या माणसाबद्दल माझ्या बायकोच्या मनात एक जुनी अढी होती. हिचे वडील लवकर गेले. ही लहानाची मोठी झाली ती न्हावऱ्यातच, मामांच्या घरी, मामींच्या हाताखाली. आमचं लग्न झालं, पाठवणीची वेळ आली, अख्खा मांडव रडत होता. मी नवरदेव, मलाही हुंदका फुटला होता आणि माझं रडण्याचं काही कारण नव्हतं, निदान तेव्हा तरी नव्हतं. मामांनी हिला जीपमध्ये बसवलं, डोक्यावर हात ठेवला आणि वळून सरळ गोठ्याकडे चालू लागले. ही जीपमधून मामा, मामा म्हणून रडत होती. एकदा तरी वळून बघतील म्हणून ही बघत राहिली. जीप बाभळीच्या वळणावर गेली तरी मामांची पाठच दिसत होती. ही गोष्ट मी दर दिवाळीला ऐकत आलो आहे. गोष्ट संपली की ही म्हणते, "दगड आहे माणूस." आणि मग त्याच दगडासाठी खास कमी साखरेचे अनारसे वेगळ्या डब्यात भरते.

आमची मुलगी ओवी आठ वर्षांची झाली तेव्हा घोड्याचं वेड घेऊन बसली. हे वेड कुठल्या घराण्यातून आलं हे उघड होतं, कारण माझ्या घराण्यात सायकलवरून पडण्याची परंपरा आहे. भांडगावच्या पुढं हायवेला लागून एक रायडिंग स्कूल आहे. दर रविवारी मी तिला तिथं नेऊ लागलो. पोरगी चांगली तयार झाली. पहिल्या वर्षी त्यांचा छोटा हॉर्स शो होता. मुलांनी घोड्यावर बसून मैदानाला फेऱ्या घालायच्या, चार बुटक्या आडव्या दांड्या ओलांडायच्या आणि शेवटी परीक्षकांसमोर थांबून मुजरा करायचा. ओवीचं सगळं छान चाललं होतं. दुसरी दांडी जवळ आली आणि कुंपणाला टेकून उभी असलेली आमची ही न राहवून ओरडली, "ओवी, सांभाळून!" ओवीनं आईकडे मागे वळून बघितलं. घोडा डावीकडे गेला, ओवी उजवीकडे गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण त्यानंतर ओवी घोड्यावर बसली की दर चार पावलांना खांद्यावरून मागे बघायची. मागे काय आहे, कोण ओरडतंय, कोण येतंय. अंग ताठ, हात ताठ, आणि घोड्याला तर असं कुणी ताठ बसलेलं लगेच कळतं. तोही बिचकायचा. रायडिंगच्या सरांनी सहा महिने प्रयत्न केले आणि एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, एवढी भीती असेल तर जबरदस्ती नको. हिनं तर दुसऱ्याच दिवशी निकाल देऊन टाकला. या वर्षीच्या शोमध्ये बसायचं असेल तर बस. पण पुन्हा पडलीस तर घोड्याचं नाव या घरात निघणार नाही. ओवीनं हे मान्य केलं. रात्री मला तिच्या खोलीतून उशीत तोंड घालून रडल्याचा आवाज आला. आणि हीसुद्धा स्वयंपाकघरात भांडी पुन्हा पुन्हा विसळत होती, कारण आपण ओरडलो म्हणून पोर पडली हे तिला माहीत होतं. त्या घरात त्या वेळी निवांत झोपलेला एकटा मीच होतो, असं ही अजून म्हणते. खरं तर मीही जागा होतो, फक्त आडवा होतो.

अशात मामा कांद्याची गोणी घेऊन आले. चहा पिताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओवी त्यांच्या मागे दारात उभी होती. मामा समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "ओवे, तू दाराला धरून उभी हाईस, आन् एका पायानं दुसरा पाय खाजवतीयास. माझ्याकडं सहा रविवार ये." ओवीनं चटकन पाय खाली ठेवला. रविवारी डबा भरून देताना ही मला म्हणाली, पोरीला काही झालं तर तुम्हीही तिकडेच राहा.

मामांच्या घोडीचं नाव मास्तरीण. आमची ही प्राथमिक शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे या नावावरून एकदा बरंच तापलं होतं. मामांनी खुलासा केला की ती मैदानात शिरली की सगळे आपोआप गप्प होतात, म्हणून ते नाव. हिला हा खुलासा आवडला असावा, कारण त्यानंतर ती घोडीसाठी गूळ पाठवू लागली. घोडी तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा, वयानं पोक्त. घाटात पळून पळून ती इतकी अनुभवी झाली होती की मामा म्हणायचे, माझ्याऐवजी गोणपाट बांधलं असतं तरी हिनं बारी, म्हणजे घाटातली धाव, मारली असती.

शिकवणी अशी. कापलेल्या उसाचं रान मोकळं पडलं होतं. त्यात ओवीला घोडीवर बसवायचं आणि मागून मामांनी मोटरसायकलला दुधाचे रिकामे कॅन बांधून खडखडाट करत यायचं. ओवीनं मागे न बघता सांगायचं, काय आहे आणि किती लांब आहे. पहिल्या रविवारी ती दहा वेळा वळली. मामा चिडले नाहीत. प्रत्येक वेळी गाडी थांबवून एवढंच म्हणायचे, "डोळं पुढं. मागचं काम कानाला दे." दुसऱ्या रविवारी कॅन गेले आणि शेजारच्याची म्हैस आली. तिसऱ्या रविवारी म्हशीनं नकार दिला. तेव्हा माझ्या हातात पत्र्याचा तुकडा आणि चमचा देण्यात आला आणि बैलांच्या जागी माझी नेमणूक झाली. मी सरकारी कचेरीत बसून काम करणारा माणूस. उसाच्या खोडक्यांतून पत्रा बडवत घोडीच्या मागे धावताना मला वाटेनं जाणाऱ्या तीन ओळखीच्या लोकांनी पाहिलं आणि त्यातल्या एकानं थांबून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. ओवी मान न वळवता म्हणाली, "बाबा आहेत. पंधरा पावलं मागे. आणि दमलेत." मामा बांधावर पाठ करून बसले होते. ते म्हणाले, "पंधरा न्हाई, अठरा. बाकी बरोबर."

त्या दिवशी ओवी घोडीवर बसून हसली. सहा महिन्यांत घोड्यावर बसून ती पहिल्यांदाच हसली होती. मला धाप लागलेली होती म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं मी तिला सांगितलं.

चौथ्या रविवारी एक भानगड उघडकीला आली. मी सहज मैदानाच्या फेऱ्यांबद्दल बोललो तर मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "फेऱ्या? म्हंजी गोल?" गेले तीन रविवार मामा ओवीला नाकासमोर सरळ पळायला शिकवत होते. घोड्याचा कार्यक्रम म्हणजे घोडी सुटते आणि दुसऱ्या टोकाला थांबते, याच्यापलीकडे त्यांना शंका आली नव्हती. मी विचारलं, आधी एकदा जाऊन मैदान का नाही बघितलं? मामा म्हणाले की नुसतं बघून परत यायचं म्हणजे गेल्या वाटेनं माघारी फिरायचं झालं. शोमध्ये ओवी मास्तरिणीवरच बसणार असं ठरलं होतं, म्हणून उरलेले रविवार घोडीला गोल फिरवण्यात गेले. मास्तरीण सुरुवातीला प्रत्येक वळणावर थांबून आमच्याकडे बघायची, इकडं काही आहे का म्हणून. पण शेवटी वळली. आणि पाटाच्या पाण्यावरून उडी मारायची तिला सवयच होती, त्यामुळे त्या बुटक्या दांड्यांची काळजी नव्हती. रायडिंगच्या सरांनी येऊन घोडी पाहिली, स्वतः चक्कर मारली आणि परवानगी दिली. घोडी कशाला घाबरते का, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, कशालाच न्हाई. हे खरं होतं. पण सरांनी विचारायला पाहिजे होतं ते वेगळंच होतं, आणि ते कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

शोच्या दिवशी घोडी टेम्पोतून आली, आम्ही दौंडहून आलो आणि मामा आरसे नसलेल्या मोटरसायकलवरून, पांढरा शर्ट, पांढरं धोतर आणि गुलाबी फेटा अशा थाटात आले. मैदानाभोवती पुण्याकडच्या गाड्या, टोप्या घातलेल्या आया आणि बुटांना पॉलिश केलेली मुलं. ओवीनं घोडीच्या कानात काहीतरी सांगितलं. मामांनी तिचा पाय रिकिबीत नीट बसवला, घोडीच्या पोटाखालचा पट्टा ओढून बघितला, घोडीच्या मानेवर थाप मारली आणि कुंपणापाशी येऊन मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. तोंड हायवेकडे. मी म्हटलं, "मामा, मैदान इकडं आहे." ते म्हणाले, "माहीत हाय. तुम्ही बघा आन् मला सांगा." मी शेजारी पाहिलं तर हिनं डोळे गच्च मिटले होते आणि ओढणीचा बोळा तोंडात घातला होता. ओरडायचं नाही असं तिनं स्वतःला बजावलं होतं आणि स्वतःवर तिचा भरवसा नव्हता. म्हणजे ज्या दोन माणसांचा जीव त्या पोरीत अडकला होता ती दोघंही बघणार नव्हती, आणि बघायचं काम माझ्यासारख्या भित्र्या माणसावर आलं.

लाउडस्पीकर खरखरला. ओवीचं नाव पुकारलं. आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसानं, सुरू कर अशी खूण म्हणून, हातातलं लाल निशाण खाली केलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाउडस्पीकर वाजतो, लाल निशाण खाली येतं आणि मग मास्तरिणीनं काय करायचं असतं, हे ती आयुष्यभर शिकली होती. घाटात याच खुणेला बारी सुटते. आम्ही तिला गोल फिरायला शिकवलं, दांड्यांचा विचार केला, पण निशाण काही दाखवलं नव्हतं. घोडी सुटली. लोकांनी श्वास रोखला. बाकीची मुलं जिथं सावकाश चालत सुरुवात करत होती तिथं आमची घोडी चार बैल मागे लागल्यासारखी मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली, आणि दुसऱ्या टोकाला लाकडी कुंपण होतं.

मामा हायवेकडे बघत म्हणाले, "बोला की जावईबापू."

"सुटली, मामा. निशाण बघून सुटली."

मामांचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हातांनी त्यांनी समोर उभ्या असलेल्या गाडीचा टप धरला. आता तरी वळतील असं मला वाटलं. ते वळले नाहीत. डोळे मिटले आणि डोकं जरासं खाली घातलं, जसं एखाद्या बंद दारामागचं बोलणं ऐकतात. "मागं बघितलं का तिनं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"न्हाईच बघितलं. बघितलं असतं तर टाप चुकली असती. लगाम ओढत बी न्हाई ती. मोकळी पळू देती." मग एकदम म्हणाले, "आता वळवंल बघा."

आणि खरोखर, कुंपणाच्या बरंच अलीकडे, ओवीनं घोडीला हळूच उजवीकडे वळवलं. ओढलं नाही, घाबरवलं नाही. मैदानाच्या कडेकडेनं मोठं गोल, मग त्याहून लहान गोल. लोक उभे राहून बघत होते. हिच्या तोंडातून ओढणीच्या आडून काहीतरी आवाज आला पण हाक आली नाही. तिसऱ्या गोलाला घोडी दुडक्या चालीवर आली. चौथ्याला चालू लागली. मामांनी समोरच्या गाडीचा टप सोडला. त्यावर त्यांच्या ओल्या हातांचे ठसे उमटले होते. "आली जाग्यावर," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. हिनं एक डोळा उघडून विचारलं, "वर आहे का?" मी म्हटलं, "वर आहे." तशी ती तिथंच गवतावर फतकल मारून बसली आणि ओढणी तोंडातून काढायची विसरली.

ओवी घोडी चालवत परीक्षकांसमोर गेली आणि तिनं विचारलं, आता मी सुरू करू का? परीक्षक म्हणजे मोठी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ होते. ते आधी कागदाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. नियमाप्रमाणे तिचा नंबर केव्हाच बाद झाला होता. तरी त्यांनी हातानं खूण केली, की कर. निशाणवाल्याला मात्र त्यांनी निशाण पाठीमागे लपवायला सांगितलं. मग ओवीनं सगळं केलं. फेऱ्या, चार दांड्या, शेवटी थांबून मुजरा. एकदाही मान मागे गेली नाही. मी मामांना एकेक सांगत होतो आणि माझ्या आधी तेच मला सांगत होते. तिसऱ्या दांडीला म्हणाले, "मागला पाय लागला." लागला होता.

बक्षीस काही मिळालं नाही. भाग घेतल्याचं एक प्रमाणपत्र मिळालं, ते आता आमच्या टीव्हीच्या वर आहे. ओवी खाली उतरली आणि सरळ मामांकडे धावत आली. ती समोरून आली, कारण आता तिलाही ते माहीत झालं होतं. मामांनी तिला उचलायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी ऐकलं नाही, म्हणून ते स्वतःच खाली बसले. निशाणाची चूक माझी, माझ्या ध्यानातच न्हाई आलं, असं ते तिला सांगत होते. आणि ती त्यांना सांगत होती की घोडी सुटली तेव्हा आपल्याला मागून बाबांचा पत्रा ऐकू येतोय असंच वाटलं, म्हणून भीती वाटली नाही. माझ्या त्या धावण्याचं कुणी तरी चीज केलं याचा मला अभिमान वाटला.

घोडी टेम्पोत चढवून झाल्यावर हिनं इतक्या वर्षांची गोष्ट काढली. तिला धीर कसा झाला कोण जाणे. मोठी भीती ओसरल्यावर माणूस असा मोकळा होत असेल. म्हणाली, "मामा, आज तरी वळायचं होतं. पोर पडली असती तरी तुम्ही वळला नसता. माझ्या वेळीही नाही वळलात."

मामा मोटरसायकलवर बसले होते, पाठमोरे. किल्ली लावली होती.

"संगे," ते म्हणाले, "तुझी जीप निघाली तवा मी गोठ्याच्या तोंडाशी जाऊन उभा ऱ्हायलो. बाभळीच्या वळणापतूर तुझं रडणं ऐकू येत हुतं. मंग वळणावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला आन् तुझं ऐकू यायचं थांबलं. हॉर्न दिला नसता तर आणखी जरा ऐकू आलं असतं. त्या ड्रायव्हरला मी अजून बोलत न्हाई." आणि गाडी सुरू करून गेले. ही किती तरी वेळ तिथंच उभी होती. आणि पुढच्या दिवाळीला मला ती पाठवणीची गोष्ट पहिल्यांदाच ऐकायला मिळाली नाही.

ओवी आता दर रविवारी निर्धास्त घोड्यावर बसते. मास्तरीण म्हातारी झाली, तिला निवृत्त केलं आहे, ती न्हावऱ्यात लिंबाखाली उभी राहून गूळ खाते. आणि मामा मागच्या महिन्यात आमच्याकडे आले तेव्हा मोटरसायकलच्या उजव्या बाजूला एक आरसा होता. नवा कोरा, गोल. ओवीनं विचारलं तर पोलीस लई त्रास देतात म्हणाले. पण चहाच्या वेळी हिनं दोनदा साखर विचारली आणि मामांना दोन्ही वेळा ऐकू आलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी सोडायला फाटकापर्यंत गेलो तेव्हा त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, "उजव्या कानानं कमी येतंय आता. संगीला सांगू नका."

गाडी सुरू करण्याआधी मामांनी आरसा हातानं जरा फिरवला, मग पुन्हा जरा. मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो, म्हणून मला आत दिसलं. त्यात मागचा रस्ता नव्हताच. आमचं फाटक होतं, आणि फाटकात उभी असलेली ही. मामांनी मान वळवली नाही. ते गेले, सावकाश गेले. मी हिला काही सांगितलं नाही, पण तिला कसं कळलं कोण जाणे. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत होती.